कॉलेजात चर्चा मंडळ काढताय? मिलपासून नको, कापसापासून सुरुवात करा

आमच्या मंडळाची पहिली बैठक पार पडली नाही, मी ती पाडली. एस.वाय.ला होतो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘स्वातंत्र्य म्हणजे काय?’ असं लिहिलं आणि चाळीस मिनिटं जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतावर बोललो. आले होते अकरा जण. साडेतीनच्या चोपडा गाडीचं निमित्त करून सात उठले. उरलेल्या चौघांत दोघं माझे रूम पार्टनर होते. पुढच्या खेपेला मी भाषण केलंच नाही. नुसतं विचारलं, “तुमच्या घरचा कापूस यंदा कोणाला दिला, आणि भाव कोणी ठरवला?” त्या दिवशी चोपड्याची गाडी खरोखरच चुकली.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही कॉलेजात राजकीय चर्चेचं, त्यातही उदारमतवादी विचारांचं मंडळ काढावंसं वाटत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. मी तीन वर्षं असं मंडळ चालवलं आणि नंतरच्या दोन बॅचेस लांबून पाहिल्या. चुका बहुतेक सगळ्या करून झाल्यात.

आधी ‘तुम्ही कोणाचे?’ याचं उत्तर तयार ठेवा

हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येणार. कॅन्टीनमध्ये येईल, स्टाफरूममध्ये येईल, घरीही येईल. शिवाय ‘लिबरल’ हा शब्द हल्ली मोबाइलवर शिवीसारखा फिरतो, त्यामुळे पोरं आधीच बिचकलेली असतात. उत्तर दोन मिनिटांत संपलं पाहिजे. आम्ही असं सांगायचो: प्रत्येकाला आपलं बोलणं, आपली श्रद्धा, आपला धंदा, आपलं लग्न आणि आपली मालमत्ता याबद्दल स्वतः ठरवता यावं. दुसऱ्याला इजा होत असेल तरच कायद्यानं आड यावं. सरकारचे हात कायद्यानं बांधलेले असावेत आणि कायदा पाटलाला नि सालदाराला सारखाच लागावा. संपलं. पुस्तकात याला ‘अभिजात उदारमतवाद’ म्हणतात. तो शब्द आम्ही सूचना फलकावर कधीच लिहिला नाही.

कोणी म्हणेल, हे साहेबाच्या देशातलं आहे. लॉक, ॲडम स्मिथ आणि मिल तिकडचेच, खरं आहे. पण हा विचार मराठीत दीडशे वर्षं मुरलाय. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि त्यापायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा घरासमोरून जाताना पाहिली. न्यायमूर्ती रानडे राजकारणात उदारमतवादी होते, पण अर्थकारणात मात्र देशी उद्योगांना सरकारनं आधार द्यावा असं म्हणायचे. म्हणजे घरातच मतभेद. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या भाषणात व्यक्तिपूजेबद्दल बजावलं तेव्हा आधार मिलचाच घेतला होता. १९५९ मध्ये राजाजी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांनी काँग्रेसच्या सहकारी शेतीच्या ठरावाला विरोध करत स्वतंत्र पक्ष उभा केला. आणि शरद जोशींची शेतकरी संघटना तर तुमच्या काकांच्या छातीवरच्या लाल बिल्ल्यापर्यंत पोचलेली असेल. जोशी स्वतःच्या विचाराला स्वतंत्रतावाद म्हणायचे. एवढी नावं माहीत असली की ‘परकं’ म्हणणारा गप्प बसत नाही, पण खुर्ची ओढून बसतो.

पाच जण गोळा करा, पन्नास नको

पन्नास लागतात मोर्चाला. मंडळाला पाच पुरतात, फक्त ते एका साच्यातले नसावेत. आमच्यात एक राज्यशास्त्राचा, एक बी.एस्सी. ॲग्रीची, एक कॉमर्सवाला (वडिलांची अडत होती, तो बाजार समितीच्या बाजूनं हिरिरीनं भांडायचा), एक पक्का समाजवादी आणि मी. तो समाजवादी आम्ही मुद्दाम शोधून आणला होता. विरोधात बोलणारा पक्का गडी पहिल्या दिवसापासून नसेल, तर तिसऱ्या महिन्यात सगळे एकमेकांच्या वाक्याला माना डोलावायला लागतात आणि पाचव्या महिन्यात मंडळ बंद पडतं. आमच्या नंतरच्या एका बॅचचं नेमकं हेच झालं.

मुली किमान दोन हव्यातच. एकटी मुलगी दुसऱ्या बैठकीला येत नाही. हे मला कळायला वर्ष गेलं.

परवानगी

आमचा पहिला अर्ज ‘राजकीय चर्चा मंडळ’ या नावानं गेला आणि ऑफिसात दीड महिना पडून राहिला. शेवटी शिपायानंच सांगितलं, “भाऊ, तो राजकीय शब्द काढ, लगेच सही होईल.” काढला. सही झाली. आजही ते थोडं टोचतं, पण तुम्ही दीड महिना घालवू नका. दुसऱ्यांदा दिलेला अर्ज जवळजवळ असा होता:

“मा. प्राचार्य यांस. विषय: ‘विचार कट्टा’ या विद्यार्थी चर्चा उपक्रमास परवानगी मिळणेबाबत. महोदय, आम्ही खाली सह्या करणारे विद्यार्थी दर पंधरा दिवसांनी बुधवारी दुपारी १२.३० ते १.३० या वेळेत खोली क्र. १४ मध्ये सामाजिक, आर्थिक व घटनात्मक विषयांवर चर्चा घेऊ इच्छितो. उपक्रम कोणत्याही पक्षाशी वा संघटनेशी संलग्न नाही. चर्चेचा विषय आठ दिवस आधी मार्गदर्शक प्राध्यापकांना कळवण्यात येईल व इतिवृत्त नोंदवहीत ठेवण्यात येईल. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.”

दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. मार्गदर्शक म्हणून असे सर किंवा मॅडम गाठा जे वर्गात प्रश्न विचारला की चिडत नाहीत. विषय कुठलाही चालेल, आमचे भूगोलाचे होते. नॅकच्या फाइलीला उपक्रम लागतातच, तेव्हा वर्षाअखेर अहवाल आणि चार फोटो देऊ असं तोंडी सांगून ठेवा. त्यानं दारं भराभर उघडतात.

संस्था म्हणून नोंदणी करायच्या फंदात पडू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात जण लागतात, मग धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस, मग दरवर्षीचे हिशेब. तीन वर्षांत तुम्ही पास होऊन निघून जाणार, ते कागद कोण सांभाळणार? संघ स्थापन करण्याचा, बोलण्याचा आणि शस्त्राविना शांतपणे जमण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. त्याला शिक्का लागत नाही. खोलीला लागतो.

वेळ म्हणजे एस.टी.ची वेळ

निम्मं कॉलेज खेड्यांवरून येतं. पास काढलेला असतो, गाडी ठरलेली असते, ती चुकली तर पुढची दोन तासांनी. म्हणून संध्याकाळची बैठक ही फक्त शहरातल्या आणि हॉस्टेलवरच्या मुलांची होते, हे लक्षात ठेवा. मधल्या सुट्टीतला एक तास उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ॲडमिशन आटोपल्या की सुरू करा. दिवाळीआधी परीक्षा, फेब्रुवारी सरला की ऊन आणि पुन्हा परीक्षा. वर्षात आठ-नऊ बैठका झाल्या तर झकास म्हणायचं. पंखा चालू असलेली खोली मागून घ्या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

विषय: हात वर करता आला पाहिजे

खरी मेहनत इथंच आहे. ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ हा विषय नव्हे, तो निबंध झाला. ‘सरकारनं कांद्याची निर्यात कधीही बंद करू नये’ हा विषय, कारण त्यावर हो किंवा नाही म्हणता येतं. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात निर्यात बंद होती. साक्रीकडचा एखादा मुलगा तेव्हाचा घरचा हिशेब सांगेल आणि शहरातली मुलगी तिच्या आईची भाजीची पिशवी सांगेल. दोघंही खरं बोलत असतील.

पण आमच्या भागात पहिला विषय कापसाचाच घ्या. १९७१ च्या कायद्यानं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि पुढच्या हंगामापासून शेतकऱ्यानं कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा असं ठरलं. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत जास्त भाव असला तरी न्यायची सोय नाही, नाक्यावर गाडी अडायची. बैठकीआधी प्रत्येकानं घरच्या एका म्हाताऱ्या माणसाला त्या दिवसांबद्दल विचारून यायचं, एवढाच गृहपाठ द्या. काय काय येतं बघा! केंद्रावर बैलगाड्यांची रांग, गाडीखालीच काढलेल्या रात्री, ग्रेडरनं कापूस चिमटीत धरून ‘दुसरी ग्रेड’ म्हटलं की पडलेलं तोंड, हप्त्याहप्त्यानं येणारे चुकारे. आणि त्याच वेळी दुसरे आजोबा सांगतात की त्याआधी व्यापारी काटा मारायचा, उधारीत अडकवायचा, योजनेनं निदान भाव तरी कळला.

मग दोन प्रश्न फळ्यावर लिहा. एक: योजना शेतकऱ्याच्या भल्याची होती तर त्याला बाहेर विकायला बंदी कशाला लागली? दोन: खुला बाजार इतका चांगला असेल तर आज भाव पडला की तोच शेतकरी सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर रांग का लावतो? दोन्ही प्रश्नांना प्रामाणिकपणे भिडलात तर स्मिथ आणि मिल आपोआप खोलीत येतात. पहिल्या प्रश्नापाशीच थांबलात तर तुमचं मंडळ प्रचारकी होईल.

रावेर-यावलची मुलं असतील तर केळी घ्या. सकाळी उठल्यावर वडील मोबाइलवर रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा भाव बघतात, तो आकडा काय काय सांगत असतो? कुठं माल जास्त झाला, कुठं उठाव आहे, हे कोणीही एका ऑफिसात बसून गोळा केलेलं नसतं, तरी भावात ते उतरतं. हायेक या अर्थशास्त्रज्ञाचा मोठा मुद्दा हाच होता. लगेच कोणीतरी म्हणेल, कापणीला आलेली केळी थांबत नाही, म्हणून व्यापारी म्हणेल तो भाव. त्याला थांबवू नका.

शेतीतच अडकूही नका. हेल्मेटसक्तीवर बोला, ‘दुसऱ्याला इजा होत असेल तरच आड यावं’ हा मिलचा नियम त्यात सगळा येतो. गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. उदारमतवादी माणसानं सक्ती कशी काय मागितली, यावर एक तास पुरत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते, ती लग्न करणाऱ्यांचं रक्षण करते की त्यांच्या शत्रूला पत्ता देते? आणि आमची सगळ्यात गाजलेली बैठक कोणत्याच थोर पुरुषावर नव्हती. एका मुलीनं चिठ्ठी टाकली होती: ‘मुलांचं हॉस्टेल रात्री दहापर्यंत उघडं, आमचं सातला बंद. दुसऱ्याला इजा कोण करतं आणि कोंडलं कोणाला जातं?’ वाचून सर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, घ्या.

बैठक चालवायची कशी

अध्यक्ष दर वेळी नवा, आणि अध्यक्षानं आपलं मत सांगायचं नाही. बोलायला चार मिनिटं. कोणाची जात, गाव, वडिलांचा पक्ष काढायचा नाही. कोणी आकडा फेकला की तो फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्हासकट लिहायचा आणि पुढच्या बैठकीपर्यंत त्यानंच तो तपासून आणायचा. या एका नियमानं अर्धे आकडे आपोआप बंद होतात.

भाषा ज्याची जी. प्रमाण मराठीत बोलायचं म्हटलं की आमच्याकडची चांगली चांगली पोरं मुकी होतात. ‘तुन्हं बराबर शे, पन मन्हंबी आयक’ असं कोणी अहिराणीत म्हटलं की समजा चर्चा रंगात आली. पूर्वेकडची मुलं लेवा गणबोलीत बोलतील, त्यांनाही बोलू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं, त्यानं ‘बरोबर’ म्हटलं की मगच आपलं. कागदावर हा नियम साधा दिसतो, म्हणून एक प्रसंग सांगतो.

विषय होता जमीन महसूल संहितेच्या ३६ अ कलमाचा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. मालमत्तेचा हक्क मानणाऱ्यांची इथं खरी कसोटी. शहाद्याकडचा एक मुलगा छान बोलला: मालकाला विकायचा हक्क नसेल तर तो कसला मालक, गिऱ्हाईकच कमी केलं की भाव पडणार आणि नुकसान आदिवासीचंच होणार. धडगावची एक मुलगी उठली. सहसा न बोलणारी. नियमाप्रमाणे तिनं आधी त्याचं म्हणणं मांडलं, “तू म्हणतोस, जमीन माझी तर तिची पूर्ण किंमत घ्यायचा हक्कपण माझा. बरोबर?” तो म्हणाला, “बरोबर.” मग ती म्हणाली, “माझ्या आजोबांची तीन एकर गेली. विकली नाही. ज्वारीच्या उधारीवर अंगठा घेतला होता, कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. तुझ्या हिशेबात याला विक्री म्हणतात का?”

खोलीत कोणी हललं नाही. तो मुलगा विचार करून म्हणाला, “नाही, ही फसवणूक. संमती नसेल तर करारच नाही.” “मग ती संमती तपासणार कोण?” ती म्हणाली. तिथून चर्चा कलेक्टरच्या परवानगीवर गेली, परवानगीच्या टेबलावर काय चालतं त्यावर गेली, सरदार सरोवरात गेलेल्या नंदुरबारच्या ३३ गावांवर गेली, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून का निघाला तिथवर गेली. कोणी जिंकलं नाही. आम्ही मत नोंदवायला तीन रकाने ठेवायचो: बाजूनं, विरोधात, अजून ठरलं नाही. त्या दिवशी पाच नावं तिसऱ्या रकान्यात सरकली, त्यात माझं एक होतं.

नियम नसता तर तो मुलगा आणि ती मुलगी एकमेकांवर ओरडले असते, आणि पुढच्या बुधवारी ती आली नसती.

वाचन

जाड पुस्तक वाटू नका, कोणी वाचत नाही. चार पानांची झेरॉक्स काढा आणि तिथंच आळीपाळीनं मोठ्यानं वाचा. आगरकरांचा एखादा निबंध, बाबासाहेबांचं वर सांगितलेलं भाषण, मिलच्या मतस्वातंत्र्यावरच्या प्रकरणाचं मराठी. उलट बाजूचीही चार पानं तेवढ्याच वेळा आली पाहिजेत; ती निवडायचं काम समाजवादी गड्याकडे द्यायचं, आपण नाही.

वर्षातून एक सहल काढा. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ, अमळनेरला १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर, किंवा फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपूरचं, अध्यक्ष नेहरू. तिथं मांडलेला शेतीचा कार्यक्रम काही उदारमतवादी नव्हता, म्हणूनच तो तिथं उभं राहून वाचण्यात मजा आहे. येताना शेवभाजी खाऊन या, अर्धं वादविवादाचं शिक्षण त्या टेबलावर होतं.

पैसे आणि पुढारी

खर्च झेरॉक्स आणि चहाचा. महिन्याला माणशी दहा रुपये, हिशेब नोंदवहीत. यापेक्षा जास्त पैसा लागतोय असं वाटलं तर काहीतरी चुकतंय.

कारण निवडणूक जवळ आली की कोणीतरी येतंच. आमच्याकडे एका युवा नेत्यानं चाळीस टी-शर्ट पाठवले, छातीवर आमच्या मंडळाचं नाव, पाठीवर त्याचा फोटो. परत केले. दोन परत गेले नाहीत. ते कोणाकडे आहेत ते मला माहीत आहे. पक्षाचं काम करणाऱ्या मुलांना मंडळात येऊ द्या, तीच जास्त माहिती घेऊन येतात. फक्त पक्षाचा किंवा पक्षाच्या विद्यार्थी संघटनेचा पदाधिकारी मंडळाचा संयोजक नको. आचारसंहिता लागली की उमेदवारांची नावं बैठकीत घेऊ नका, धोरणांवर खुशाल बोला. बाहेरचा वक्ता सत्राला एकच, आणि त्याला आधीच सांगा की बोलायला वीस मिनिटं, प्रश्नांना चाळीस. हे ऐकून निम्मे वक्ते येत नाहीत. त्यांची वाट पाहू नका.

सोपवणं

जानेवारीतच एफ.वाय.-एस.वाय.मधून दोघांना संयोजक करा आणि शेवटच्या दोन बैठका त्यांना चालवू द्या. तुम्ही मागच्या बाकावर बसा, तोंड बंद ठेवा. (मला जमलं नाही.) नोंदवही त्यांच्या हातात द्या: अर्जाची शिक्क्याची प्रत पहिल्या पानाला चिकटवलेली, प्रत्येक विषय, तिन्ही रकान्यांतले आकडे, आणि ते प्रश्नचिन्हाचे आकडे कोणी तपासून आणले, कोणी नाही. मागच्या पानावर सगळ्या गाड्यांच्या वेळा लिहा. परवा बऱ्याच वर्षांनी आमची वही चाळायला मिळाली. ‘चोपडा ३.३०’ असं माझ्या अक्षरात आहे, आणि त्यापुढे कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय: ‘४.१५ ला पण आहे, थांबा.’